बाहीखालचा उन्हाळा

उन्हाळा लागला की सारं इंदूर बाह्या वर करतं आणि मी माझ्या खाली करतो. चैत्र आला की पूर्ण बाह्यांचे सदरे कपाटातून बाहेर निघतात, मनगटाची बटणं लागतात आणि सून दरवर्षी म्हणते, "बाबा, घामोळ्या येतील." येतातही. कोपराच्या आतल्या बाजूला बारीक पुरळ उठतं, मी पावडर थापतो आणि बटण पुन्हा लावून टाकतो. म्हाताऱ्या माणसाला एखादं खूळ असायचंच, असं धरून घरानं आता बोलणं सोडून दिलं आहे.

यंदा नातीनं मात्र सोडलं नाही. जुई कॉलेजात आहे आणि फावल्या वेळात मोबाइलसमोर बसून सुगंधांबद्दल बोलते. नवी बाटली आणते, दिवसभर अंगावर वागवते आणि संध्याकाळी कॅमेऱ्यात बघून सांगते की हा टिकला, हा उडाला, हा ऑफिसला चालेल, हा लग्नाला. लोक ते ऐकतात आणि वर तिचे आभार मानतात म्हणे. परवा सकाळी मी चहा घेत असताना ती एक हिरवट बाटली घेऊन आली. "आजोबा, हात इकडे करा. हा समरवाला आहे. वर सिट्रस, नीचे वूडी. मला एक बुजुर्ग स्किन पाहिजे टेस्टला." एवढं बोलून तिनं माझ्या मनगटाच्या बटणाला हात घातला.

मी हात असा काही मागे ओढला की चहा सांडला. तिला वाटलं, मी रागावलो. मी रागावलो नव्हतो. मला लाज वाटली होती, आणि ती इतकी जुनी होती की नातीला ती कुठून सांगायला घ्यावी, हे मला कळेना. बाटलीचं टोपण उघडंच होतं. लिंबाच्या सालीचा वास खोलीभर झाला आणि त्याच्या मागोमाग, थोडं थांबून, ताज्या रंधलेल्या लाकडाचा.

आमची मिल बंद पडली तो उन्हाळा मला नाकानं आठवतो. त्याआधी कितीतरी वर्षं मी फोल्डिंग खात्यात होतो. तयार कापड उजेडासमोरून सरकायचं आणि त्यातला तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ वीण दिसली की मी खडूनं खूण करायचो. अंगाला खळीचा, तेलाचा आणि कोमट सुताचा वास असायचा. शैला, माझी बायको, माझे कपडे वेगळे भिजवायची आणि भिजवताना कुरकुर करायची. मग फाटक बंद झालं. काही दिवसांपुरतं, असं सांगितलं होतं, म्हणून आम्ही सगळे रोज फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसायचो. निंबाला मोहोर होता, तो डोक्यावर, खांद्यावर पडत राहायचा. एक दिवस दोरीवरचा माझा सदरा काढताना शैलानं तो नाकाला लावला आणि म्हणाली, "वासच गेला हो." तिच्या आवाजात कुरकुर नव्हती.

बाजार मात्र त्याच दिवसांत खुला झाला होता. अत्तराच्या दुकानांतून खसाच्या आणि गुलाबाच्या कुप्या मागे सरकल्या आणि पुढे चकचकीत खोक्यांतले स्प्रे आले. पूर्वी उन्हाळ्यात अत्तरवाला कापसाचा फाया द्यायचा. तो कानात खोचला की दिवसभर डोक्यात गारवा असायचा. आता दुकानातली पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर फुसकन उडवून म्हणायची, "इंपोर्टेड है भिया, सूंघ के तो देखो." आम्ही मिलवाले तिथून जाताना हात खिशात घालायचो. फुकटचा वासही नको वाटायचा.

पोलोग्राउंड या कारखान्यांच्या वस्तीत अगरबत्ती आणि टाल्कम पावडर करणारा एक छोटा कारखाना होता. तिथल्या सेठनं मनावर घेतलं की आपणही असा एक उन्हाळी स्प्रे काढायचा, वर लिंबू-संत्र्याचा, खाली देवदाराचा, आपल्या माळव्याच्या उन्हात टिकणारा. त्यासाठी त्याला एक माणूस हवा होता. ओळखीच्या एकानं माझं नाव सुचवलं, कारण मला तंबाखूची सवय नव्हती. मी इस्त्रीचा सदरा घालून, कामाचे दाखले पिशवीत घेऊन गेलो. सेठनं पिशवी उघडायलाच लावली नाही. पंख्याखाली बसून त्यानं विचारलं, "पसीना ठीक आता है?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यानं पुन्हा विचारलं, "गरमी में. आता है ना पसीना?" मी म्हणालो, आता है. इतकं सोपं उत्तर मी आयुष्यात कुठल्या मुलाखतीत दिलं नव्हतं, आणि ते देताना माझे कान तापले होते.

काम असं होतं. सकाळी जायचं, हात साध्या पाण्यानं धुवायचे, साबण नाही. मनगटावर आणि कोपराच्या आतल्या घडीत त्या दिवसाचा नमुना लावून घ्यायचा आणि उन्हात हिंडायचं. सावलीत फार वेळ रेंगाळायचं नाही, हात पुसायचा नाही. कांदा, लसूण, हिंग बंद, कारण ते घामातून बाहेर येतं. आणि संध्याकाळी परत येऊन, बाही वर करून हात पुढे धरायचा. तो हुंगायला एक बाई होती.

बाई कसली, पोरगीच. वानखेडे मॅडम. महूच्या. आजोबा पलटणीत होते, वडील पोस्टात, आणि ही घरातली पहिली एमेस्सी. ती रोज आधी म्हणायची, "सॉरी काका," आणि मग माझ्या हातावर वाकायची. मी छताच्या पत्र्याकडे बघायचो, ती डोळे मिटून घ्यायची. आधी मनगट, मग कोपराची घडी. तिचा श्वास कातडीला कळायचा. भिंतीशी अगरबत्त्या वळणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसू दाबायच्या. "लिंबू लवकर उडतंय," "खाली कडवट होतंय," असं मॅडम सेठला सांगायच्या आणि सेठ मान डोलवायचा. सगळं बोलणं माझ्या हाताबद्दल असायचं आणि मला कुणी काही विचारायचं नाही. जन्मभर मी कापड उजेडासमोर धरत आलो होतो. कापडाला कसं वाटत असेल, हा प्रश्न मला त्या शेडमध्ये पहिल्यांदा पडला.

वास वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो वाईट नव्हता. सकाळी पोलोग्राउंडातून बाहेर पडताना तो मोसंबीच्या सालीला नख लावावं तसा उडायचा आणि मी नकळत ताठ चालायला लागायचो. वर्कशॉपांच्या लोखंडाच्या धुरळ्यातून, रसाच्या गाड्यांवरून, तापलेल्या डांबरावरून मी चालत राहायचो. दुपारी बडा गणपतीपर्यंत पोचायचो तोवर लिंबू पार गेलेलं असायचं आणि मागे सुताराच्या दुकानातल्या भुशासारखं काहीतरी उरायचं, त्यात माझ्या घामाचं मीठ. तिथं देवळाच्या पायरीशी चपला काढून मी हातावर पाणी न पडू देता घोटभर पाणी प्यायचो, जरा टेकायचो आणि हळूच स्वतःचंच मनगट नाकाशी न्यायचो. मला तो आवडायचा. फाटकासमोर माझे सोबती बसलेले असताना मला साहेबी वास आवडतोय, याचीही लाज वाटायची.

घरी मी एवढंच सांगितलं होतं की पोलोग्राउंडात सकाळ-संध्याकाळ काम मिळालंय आणि काही दिवस कांदा-लसूण नको. शैलानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. मला हायसं वाटलं. तिनं का विचारलं नाही, हे मला नंतर कळलं. शेजारच्या सुशीलाकाकूंनी मला भर दुपारी, अनवाणी, बडा गणपतीच्या पायरीवर बसलेलं पाहिलं होतं, एकदा नाही, बरेचदा. चातुर्मास लांब असताना घरात कांदा बंद. अंगाला चंदनासारखा वास. काकूंनी सगळं जुळवलं आणि त्यांना उमगलं की मिल उघडावी म्हणून यांनी नेम धरलाय. आणि आमच्या आळीत धरलेला नेम कुणी विचारायचा नसतो, धरणाऱ्यानं बोलायचा नसतो. बोललं की फळ जातं. त्यामुळे सगळ्यांना कळलं आणि मला कुणी चकार शब्द विचारला नाही.

मला कळलं ते रघूमुळे. रघू साचेखात्यातला, म्हणजे मागावरचा माणूस, माझा जुना सोबती, शिव्या दिल्याशिवाय वाक्य न करणारा. एका सकाळी मी निंबाखाली गेलो तर तो उठला, मला सावलीतली जागा दिली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी मागे सरलो.

"अरे, हे काय करतोस?"

"भिया, तू सगळ्यांसाठी नेम धरून राहिला, आम्हाला पता आहे."

"कसला नेम? रघू, ऐक..."

"नाही, बोलू नको. बोलायचं नसतं." त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. आजूबाजूच्यांनी बिड्या विझवल्या होत्या. सगळे माझ्याकडे देवळात बघावं तसे बघत होते. तेवढ्या माणसांची मिल माझ्या कांद्यावर येऊन अडकली होती. खरं सांगितलं असतं तर त्यांच्या हातून तेवढी आशाही गेली असती, आणि मी हात हुंगवून घेणारा माणूस झालो असतो. मी माझ्या पायांकडे बघत तिथून निघालो.

शैलानं त्या वर्षीही चैत्रगौर मांडली होती. आरास साधी, पण आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत घालायला भिजवलेले हरभरे सगळं होतं. अत्तर तेवढं नव्हतं. कुपी केव्हाच संपली होती आणि नवी आणायचं तिनं मनावर घेतलं नाही. हळदीकुंकवाला बायका बसल्या होत्या, ती कपाटात उगीच काही शोधत होती, आणि नेमका त्याच वेळी मी पाणी प्यायला घरी आलो. मागच्या दारानं निसटणार होतो, तेवढ्यात सुशीलाकाकू म्हणाल्या, "अगं शैला, अत्तर कशाला शोधतेस? देवाचं चंदन घरात चालतं-बोलतं आहे."

त्या मोठ्या होत्या, त्यांना आडकाठी नव्हती. त्यांनी माझा हात धरला, बाही वर सारली, आपल्या हाताची मागची बाजू माझ्या मनगटावर फिरवली आणि कपाळाला लावली. मग दुसऱ्या उठल्या. हळदीच्या बोटांनी माझं मनगट पिवळं झालं. तरण्या सुनांनी हात न लावता पदराचं टोक टेकवलं. मी वर बघत उभा राहिलो. वर कसं बघायचं याचा मला आता सराव होता. शैला गुलाबदाणी हातात धरून माझ्याकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरले होते. लग्नात सुद्धा तिनं माझ्याकडे इतक्या मानानं पाहिलं नसेल. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, ते मी त्या दुपारी शब्दशः मागितलं.

संध्याकाळी वानखेडे मॅडमनी मनगट हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि डोळे उघडले. "काका, आज इथं काहीच नाही. हळद आहे फक्त. पुसलंत का?"

सेठ आत होता. मी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती हसेल. ती हसली नाही. नमुन्याची बाटली सरळ करत बसली.

"आमच्याकडे नवस-बिवस नाही काका. घरी बुद्धाची मूर्ती आहे, तेवढंच. पण माझी आई शेजारी सांगते की लडकी लॅब में है. लोकांचे हात हुंगते, असं नाही सांगत." मग तिनं विचारलं, "तुम्हाला कसा वाटतो हा? सच बताओ."

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "सकाळचं लिंबू छान आहे, पण ते दुकानापुरतं. दुपारनंतर जे उरतं ते माझं वाटतं." तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा "सॉरी काका" म्हटलं आणि पुन्हा वाकली. काम ते कामच होतं. पण त्यानंतर मी छताकडे बघत नसे, तिच्या केसांतल्या साध्या काळ्या पिनांकडे बघत असे.

शैलाला मी हळदीकुंकवाच्याच रात्री घरी येऊन सांगितलं. ती हळदीकुंकवाच्या वाट्या घासत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"गौरीसमोर?" तिनं विचारलं.

"हो."

"मजुरीचा हात सगळ्यांनी कपाळाला लावला?"

ती पुन्हा वाट्या घासायला लागली, जोरात. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आता कुणाला सांगू नका. त्या बायका तो वास घेऊन घरी गेल्यात. नवऱ्यांना हुंगायला दिला असेल त्यांनी." त्यानंतर काम संपेपर्यंत तिनं माझ्या ताटात कधी कांदा वाढला नाही आणि माझा सदरा कधी नाकाला लावला नाही.

पाऊस जवळ आला तसा सेठचा नमुना पक्का झाला आणि माझी गरज संपली. शैलानं पोह्यांवर कच्चा कांदा आणि जिरावणाचा मसाला घालून बशी पुढे ठेवली. मी खाल्ले. त्याच आठवड्यात फाटकावर नोटीस लागली की मिल आता उघडणार नाही. ती माझ्या पोह्यांच्या कितीतरी आधी, कुठल्या तरी लांबच्या कचेरीत ठरली असणार. पण नोटिशीपुढची माणसं नोटीस वाचून झाल्यावर माझ्याकडे वळून बघत होती. दुपारी सुशीलाकाकू वाटी परत द्यायला आल्या. दारात थबकल्या, घरातला वास त्यांना लागला असावा. अगदी हळू, मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "भावजी, नेम सुटला का हो?" त्या भांडल्या असत्या तर मी त्यांच्यासमोर उभा राहू शकलो असतो.

जुईनं काल पुन्हा बाटली आणली. या खेपेला मी बटण काढलं. तिनं मनगटावर उडवलं, कोपराच्या घडीतही, आणि मी नेहमीसारखा बागेत हिंडून आलो. संध्याकाळी ती माझ्या हातावर वाकली, कॅमेऱ्यासमोर, हसत, बिनदिक्कत. "दोस्तों, ये मेरे आजोबा की स्किन पे कमाल कर रहा है." मग मोबाइल माझ्याकडे फिरवला. "आजोबा, तुम्ही जज करा." मी सांगितलं की लिंबू जरा घाईचं आहे आणि लाकूड बरं आहे. ती खूश झाली. रात्री जेवताना म्हणाली, लोकांना तुमचा हात फार आवडला. सून हसली, मुलगा हसला, मीही हसलो. पोरीला तिच्या कामाची लाज वाटत नाही याचा मला आनंद आहे, तो मनापासून आहे. पण हात मात्र मी जेवायच्या आधीच साबणानं धुतला होता, दोनदा.

तिला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. जिच्यापायी मी बाह्या खाली करतो, ती.

नोटिशीनंतर दोन-तीन दिवसांनी मी निंबाखाली गेलो. रघू एकटाच होता. खाली पिवळ्या निंबोण्यांचा सडा पडला होता आणि तो चपलेनं एकेक चिरडत होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि शैलानं नको म्हटलं असूनही सगळं सांगून टाकलं. "रघू, नेम नव्हता रे. मला मजुरी मिळायची घाम काढायची. एक पोरगी संध्याकाळी माझा हात हुंगायची. देव-बिव काही नाही." तो उठून माझं थोबाड फोडेल, किंवा हसेल आणि संध्याकाळपर्यंत गावभर करेल, या दोन्हींची मी तयारी केली होती.

तो चपलेनं निंबोणी चिरडत राहिला. मग म्हणाला, "रोज?"

"रोज."

"आणि फक्त हात?"

"फक्त हात."

त्यानं बंद फाटकाकडे पाहिलं. मग त्यानं, ज्यानं माझ्या पायाला हात लावला होता त्यानं, माझ्याकडे न बघता विचारलं, "भिया, अजून एखादा माणूस लागतो का तिथं?"

त्यानं बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे धरला, मागावर भाजलेल्या, खरचटलेल्या जुन्या खुणांचा. "बघ ना. तुला आता समजतं यातलं. चालेल का, सांग." आणि तो वर, निंबाच्या फांद्यांकडे बघायला लागला.

मी वाकलो. बिडीचा वास होता, लोखंडाचा होता, आणि खाली, इतके महिने झाले तरी, मागाच्या तेलाचा.

"बिडी सोडावी लागेल," मी म्हणालो.

"सोडीन."

"कांदा पण."

"सोडीन ना. तू बस सांग, चालेल का?"

सेठला आता कुणाचाच हात नको होता, हे मला ठाऊक होतं.

"चालेल," मी म्हणालो.